तिसऱ्या गिअरात

रुबाब तडवीने बॉनेट उघडलं
आणि बराच वेळ काही बोललाच नाही.
चोपड्यात यावल रोडला त्याचं गॅरेज,
म्हणजे एक लिंब, दोन ओंडके, वर पत्रा.
मग म्हणाला, "गाडीले दम लागस, ताई."

ते मलाही माहीत होतं.
मागचा रिक्षावाला हॉर्नऐवजी खोकायचा.

नटबोल्ट त्याने बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात मांडले
आणि मॅनिफोल्ड उजेडाकडे धरलं,
डॉक्टर एक्स-रे धरतात तसं.
आत काळं.
काजळी नव्हे, काजळी कोरडी असते.
हे ओलं, चिकट,
भरिताच्या वांग्याची जळकी साल
तेलात कालवून थापावी तसं.
"अंगठा जायचा इथून," म्हणत
त्याने करंगळी घातली. तीही अडकली.

एकोणीस वर्षांत या इंडिकाला
मी ओरखडा येऊ दिलेला नाही.
घर ते पोस्ट अडीच किलोमीटर,
पोस्ट ते घर अडीच किलोमीटर,
पस्तिसाच्या वर काटा नाही.
उन्हाळ्यात चादर, पावसाळ्यात ताडपत्री,
दसऱ्याला झेंडू.
हे मी त्याला जरा अभिमानानेच सांगितलं.

"तेच तर," रुबाब म्हणाला.
"डिझेलचं इंजिन. तापलं तर आतलं जळून जातं.
तुम्ही तापूच देत नाही,
गरम व्हायच्या आत घर येतं तुमचं.
वरून हा व्हॉल्व्ह,
आपलाच धूर थोडा थोडा
आपल्यालाच परत पाजतो."

मी लिंबाकडे बघत राहिले.
मला वाटलं, हा माणूस फक्त गाडीबद्दल बोलतोय.
आणि खरंच,
तो फक्त गाडीबद्दलच बोलत होता.

दुपारभर त्याची पोरगी जैतून खरवडत होती.
पेचकस नको, ॲल्युमिनियम आहे; लाकडाची पट्टी.
कॉस्टिक नको, तो धातूलाच खातो.
कापलेल्या कॅनमध्ये डिझेल, दातांचा जुना ब्रश,
सायकलची तार.
खपल्या सुटत होत्या.
ही तार बंद झाली त्या वर्षाची असेल,
ही काउंटरवर संगणक आले त्या मार्चची,
असा मी उगाच हिशेब लावत बसले
आणि न राहवून एक ब्रश उचलला.
जैतूनने कोपऱ्याकडे बोट दाखवलं, "ते राहिलं."

संध्याकाळी रुबाब शेजारी बसला, मांडीवर चिंधी.
"शिरपूर रोड. तिसरा टाका."
"मग चौथा?"
"तिसराच. दाबा."
पाय ऐकेना.
इतकी वर्षं तो पेडलवर नुसता टेकलेला,
परक्याच्या सोफ्यावर बसावं तसा.
"दाबा."

इंजिन असं ओरडलं की मी माफी मागणार होते.
आरशातला रस्ता गेला, केळीच्या बागा गेल्या,
स्प्लेंडरवरचं एक जोडपं गेलं,
बाईने पदर तोंडावर घेतला तेवढा दिसला.
काळं. काळं. अजून काळं.
हातेड मागे पडलं.
स्टिअरिंग तळहातात थरथरतंय, काटा
मी कधी न पाहिलेल्या आकड्यांवर.
करडं.
गलंगीच्या अलीकडे रुबाब मागे वळला,
चिंधीने कपाळ पुसलं, कपाळ काळं झालं.
"दिसली," म्हणाला.
"काय?"
"मागची बाग."

दुसऱ्या दिवशी एका रजिस्टर पाकिटावर
माझा अंगठा उमटला,
पोस्टाच्या शिक्क्यापेक्षा ठळक.
तसंच पाठवलं.

आता दर दुसऱ्या रविवारी अनेरच्या पुलापर्यंत जाते.
शेजारच्या वत्सलाबाई विचारतात,
तिकडे कोण असतं तुमचं?
कोणी नाही, म्हणते,
आणि गाडी गल्लीतून हळूच काढते,
नाक्यापर्यंत हळूच.
तिथून तिसरा.